जादा मेमरी कार्डे आणि कार्ड रीडर सोबत कसे बाळगावेत

कॅमेऱ्याचे बटण दाबल्यापासून ते छायाचित्र दुसरीकडे उतरवून घेईपर्यंतच्या काळात त्या छायाचित्राची जगात एकच प्रत असते, आणि ती ३२ बाय २४ मिलिमीटरच्या, जेमतेम २ मिलिमीटर जाडीच्या प्लास्टिकच्या तुकड्यावर असते. जादा कार्डे आणि रीडर (कार्डावरची छायाचित्रे संगणकावर किंवा फोनवर उतरवून घेण्याचे उपकरण) सोबत घ्यायचे ते हा काळ शक्य तितका आखूड करण्यासाठी. त्यामुळे कोणती कार्डे घ्यावीत, ती कशी ठेवावीत आणि रीडर कोणता असावा, याचा विचार करताना दोन प्रश्नांची उत्तरे कोणत्याही क्षणी देता यायला हवीत: हातातले कार्ड रिकामे आहे की भरलेले, आणि त्यावरचे काम आणखी कुठे उतरवलेले आहे का?

किती कार्डे लागतील, हे अंदाजाने न ठरवता हिशेबाने ठरवावे. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची १४ बिटची, आकुंचन न केलेली रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली मूळ, प्रक्रिया न केलेली माहिती) साधारण ४२ एमबीची होते, म्हणजे ६४ जीबीच्या कार्डावर अशी सुमारे दीड हजार छायाचित्रे मावतात. आकुंचित रॉ फाइल निवडल्यास संख्या आणखी वाढते. व्हिडिओच्या हिशेबात मात्र अनेकांची एक चूक होते. कॅमेऱ्यात दाखवलेला वेग मेगाबिटमध्ये असतो आणि कार्डाची जागा बाइटमध्ये मोजली जाते, म्हणून त्या आकड्याला आठने भागावे लागते. सेकंदाला १०० मेगाबिट म्हणजे १२.५ एमबी, अर्थात तासाला ४५ जीबी. १२८ जीबीच्या कार्डावर पावणेतीन तासांच्या थोडे वर चित्रीकरण बसते. ६४ जीबीचे कार्ड संगणकावर ५९ जीबीच्या आसपास दिसले, तर ते खोटे आहे असे लगेच समजू नये, कारण कार्ड बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि अनेक संगणक १०२४ च्या पटीत. तुमच्या सर्वांत धावपळीच्या दिवसाला जितकी जागा लागते तिच्या दुप्पट जागा आणि त्यावर एक पूर्ण मोकळे कार्ड, इतकी तयारी मला पुरेशी वाटते.

एकच मोठे कार्ड घ्यावे की अनेक लहान, यावर मतभेद आहेत आणि दोन्ही बाजूंत तथ्य आहे. लहान कार्डांमुळे एक बिघडले तरी सगळे जात नाही. पण प्रत्येक अदलाबदलीत कार्ड हातातून निसटण्याची, हरवण्याची किंवा चुकीचे कार्ड आत जाण्याची शक्यता असते. कॅमेऱ्याला दोन स्लॉट असतील आणि तो दोन्ही कार्डांवर एकाच वेळी लिहू शकत असेल, तर मोठी कार्डे घालून दिवसभर त्यांना हात न लावणे उत्तम. एकच स्लॉट असेल, तर ६४ किंवा १२८ जीबीची तीन-चार कार्डे मी पसंत करतो. दोन स्लॉट असूनही ‘पहिले भरले की दुसरे’ ही व्यवस्था ठेवली, तर दुसऱ्या प्रतीचा लाभ मिळत नाही, हे सेटिंग करताना ध्यानात असू द्यावे.

जादा कार्ड हे मुख्य कार्डाइतकेच सक्षम असले पाहिजे. घरात पडलेले जुने कार्ड ‘असू दे’ म्हणून पिशवीत टाकण्याला तयारी म्हणता येत नाही. एसडी प्रकारात (सुरुवातीला सांगितलेल्या आकाराच्या कार्डांत) २ जीबीपर्यंतचे कार्ड साधे, त्यावर ३२ जीबीपर्यंतचे एसडीएचसी आणि त्यापुढे २ टीबीपर्यंतचे एसडीएक्ससी असते. सर्वांचा आकार एकच असल्याने जुन्या कॅमेऱ्यात ६४ जीबीचे कार्ड सहज बसते, पण कॅमेरा फक्त एसडीएचसीपर्यंतचा असेल तर त्याचा भरवसा धरता येत नाही. कार्डावर सर्वांत मोठ्या अक्षरांत छापलेला वेग बहुधा वाचनाचा आणि तोही कमाल असतो. चित्रीकरणासाठी बघायचा तो व्ही ३०, व्ही ६० किंवा व्ही ९० हा शिक्का, कारण तो सेकंदाला किमान तितक्या एमबी लेखनाची हमी देतो. यूएचएस-टू या अधिक वेगवान जोडणीच्या कार्डाच्या पाठीवर संपर्कपट्ट्यांची दुसरी रांग असते. असे कार्ड साध्या यूएचएस-वन स्लॉटमध्ये चालते, पण त्याच स्लॉटच्या वेगाने. सीएफएक्सप्रेस हे एसडीपेक्षा वेगळ्या प्रकारचे, वेगवान कार्ड वापरणाऱ्यांनी ‘ए’ आणि ‘बी’ हे प्रकार आकारानेच वेगळे असतात, हे रीडर घेतानाही पाहावे.

नवे कार्ड प्रवासाला निघण्यापूर्वी तपासून घ्यावे. बनावट कार्ड स्वतःची क्षमता फुगवून सांगते आणि खरी जागा संपली की पुढचे लेखन वाया घालवते. वरवर पाहता सर्व फाइली दिसतात, पण उघडत नाहीत. एच२टेस्टडब्ल्यू किंवा एफ३ यांसारखी मोफत साधने संपूर्ण कार्ड भरून आणि पुन्हा वाचून हे उघड करतात. त्यानंतर कार्ड संगणकावर नव्हे, तर ज्या कॅमेऱ्यात वापरायचे त्याच कॅमेऱ्यात फॉरमॅट करावे.

आता बाळगण्याविषयी. कार्डे सुटी खिशात किंवा पिशवीच्या तळाशी कधीही ठेवू नयेत. कडक कवचाची, प्रत्येक कार्डाला स्वतंत्र खाच असलेली डबी घ्यावी. प्रत्येक कार्डावर न पुसणाऱ्या शाईने क्रमांक घालावा. जाड कागदी चिकटपट्टी लावू नये, कारण ती सुटून स्लॉटमध्ये अडकते. डबीत रिकामे कार्ड नावाची बाजू वर करून ठेवावे आणि भरलेले पालथे. हा नियम मी एका चुकीनंतर स्वीकारला. एका समारंभात घाईघाईत मी खिशातले कार्ड रिकामे समजून कॅमेऱ्यात घातले, फॉरमॅट केले आणि पुढचे दोन तास त्यावरच छायाचित्रे घेतली. सकाळचे सगळे विधी त्या कार्डावर होते. यजमानांना ते सांगतानाची अवस्था मी विसरलेलो नाही. तेव्हापासून भरलेल्या एसडी कार्डाच्या कडेची छोटी कळही मी ‘लॉक’कडे सरकवतो. ही कळ कार्डाच्या आतील माहितीला कुलूप घालत नाही, ती कॅमेऱ्याला किंवा रीडरला फक्त खूण देते. पण घाईत फॉरमॅटचे बटण दाबणाऱ्या हाताला थांबवण्यासाठी तेवढी खूण पुरते. मायक्रोएसडी आणि सीएफएक्सप्रेस कार्डांना अशी कळ नसते, म्हणून तिथे पालथे ठेवण्याचा नियम अधिक कटाक्षाने पाळावा.

भरलेली कार्डे कॅमेऱ्याच्या पिशवीत न ठेवता अंगावरच्या, चेन असलेल्या आतल्या खिशात ठेवावीत. पिशवी चोरीला गेली तर कॅमेरा पुन्हा घेता येतो. विमानतळावरील क्ष-किरण तपासणीची भीती बाळगू नये. ती फिल्मला बाधते, फ्लॅश मेमरीला नाही, आणि घरगुती चुंबकांनीही या कार्डांचे काही बिघडत नाही. त्यांना खरा धोका वाकण्याचा, संपर्कपट्ट्यांवरील घाण आणि ओलाव्याचा, तसेच लेखन चालू असताना कार्ड ओढून काढण्याचा असतो. कॅमेऱ्याचा दिवा लुकलुकत असेपर्यंत झाकण उघडू नये.

रीडरच्या बाबतीत लोक जितकी काटकसर करतात तितकी ती महाग पडते. यूएसबी २.० चा कागदावरील वेग सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे ६० एमबी. प्रत्यक्षात ३०-४० एमबी मिळतात, आणि ६४ जीबी उतरवायला अर्धा तास लागतो. सेकंदाला ९० एमबी वाचणाऱ्या रीडरवर तेच काम बारा मिनिटांत होते. दमलेल्या माणसाला हा फरक जाणवतो, कारण अर्ध्या तासाच्या कामाला तो ‘उद्या पाहू’ म्हणतो. वेग अपेक्षेपेक्षा कमी दिसला, तर आधी केबल बदलून पाहावी: टाइप-सी टोकाच्या अनेक चार्जिंग केबल माहिती वाहून नेताना यूएसबी २.० च्याच वेगाने चालतात आणि बाहेरून काही कळत नाही. म्हणून रीडरची केबल वेगळी ठेवून तिच्यावर खूण करावी. केबल सुटी करता येणारा रीडर मला जास्त आवडतो, कारण आधी केबल खराब होते आणि ती एकटी बदलता येते. दुसरा, अगदी छोटा रीडर जवळ असावाच. तोही नसेल तर कॅमेरा थेट संगणकाला जोडण्याची केबल तरी सोबत ठेवावी.

फोनला जोडायचा रीडर घरीच जोडून पाहावा. २०२३ मध्ये आलेल्या आयफोन १५ पासून टाइप-सी जोडणी आहे, त्याआधीच्या आयफोनना लाइटनिंगचा रीडर लागतो. काही अँड्रॉइड फोनमध्ये ओटीजी (फोनला रीडरसारखी उपकरणे जोडू देणारी) ही सुविधा सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते, तर काही जुने फोन एसडीएक्ससी कार्डांची एक्सफॅट ही फाइली साठवण्याची रचना वाचतच नाहीत. सीएफएक्सप्रेसचे रीडर चांगलेच तापतात आणि वीजही जास्त ओढतात, त्यामुळे ते फोनवर चालतीलच असे गृहीत धरू नये.

रोज संध्याकाळी कार्डे उतरवताना ‘कट’ न करता ‘कॉपी’ करावे, म्हणजे मध्येच वीज गेली तरी मूळ शाबूत राहते. प्रत्येक कार्डासाठी तारीख आणि कार्डाचा क्रमांक असलेले वेगळे फोल्डर करावे. कॅमेऱ्याच्या फाइलींच्या नावात चारच अंक असतात. ९९९९ नंतर मोजणी पुन्हा सुरुवातीपासून होते, आणि दोन कॅमेऱ्यांच्या फाइलींना एकच नाव मिळू शकते. ‘याच नावाची फाइल आहे, बदलू का?’ असे संगणकाने विचारल्यास होकार देऊ नये. उतरवून झाल्यावर दोन्हीकडची फाइलींची संख्या आणि एकूण आकार जुळवावा, सुरुवातीची, मधली आणि शेवटची काही छायाचित्रे पूर्ण आकारात उघडून पाहावीत आणि मग दुसऱ्या ड्राइव्हवर आणखी एक प्रत करावी. या दोन प्रती हातात आल्याशिवाय कार्ड पुसायचे नाही. कार्ड ‘इजेक्ट’ करूनच काढावे.

इतके करूनही कधी ‘कार्ड वाचता येत नाही’ असा संदेश आला, तर त्यावर एकही नवे छायाचित्र न घेता ते लगेच बाहेर काढावे. संगणक फॉरमॅट करू का म्हणून विचारेल, तेव्हा नाही म्हणावे. दुसऱ्या रीडरवर एकदा लावून पाहावे, कारण दोष अनेकदा रीडरचाच असतो. तसे नसेल तर फोटोरेक हे मोफत साधन बऱ्याच फाइली परत मिळवून देते. मात्र परत मिळालेल्या फाइली त्याच कार्डावर न ठेवता दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवाव्यात. साध्या फॉरमॅटनंतर, वर काही लिहिले गेले नसेल तर, ही आशा बरीच असते. ‘लो लेव्हल फॉरमॅट’ (कार्डावरची माहिती खरोखर पुसून टाकणारे फॉरमॅट) केलेले असल्यास जवळजवळ नसते. असे एकदा दगा दिलेले कार्ड पुढे नीट चालू लागले, तरी त्यावर ठळक फुली मारून ते डबीबाहेर काढावे आणि त्या खाचेत तपासलेले नवे कार्ड ठेवावे.