मेमरीची बचत लायब्ररीत डिफॉल्ट ठेवायची का, हे कसं ठरवाल

बचत किती होते, हा दुसरा प्रश्न. आधी हे बघा: ती चालू केल्यावर लायब्ररी वापरणाऱ्याच्या कोडला काही वेगळं जाणवतं का? काहीच जाणवत नसेल तर खुशाल डिफॉल्ट करा. जाणवत असेल, तर ज्याला हवी त्यानेच ती चालू करावी.

सी प्लस प्लसमधला बूलचा व्हेक्टर (खरं-खोटं अशा मूल्यांची यादी) हा यातला सगळ्यात महागडा धडा. १९९८च्या प्रमाणानुसार त्यात प्रत्येक मूल्य एका बिटात बसवता येतं. म्हणजे १० लाख मूल्यांना १० लाखांऐवजी १ लाख २५ हजार बाइट पुरतात. पण एकट्या बिटाला पत्ता नसतो. त्यामुळे चौकटी कंसातून बूलचा रेफरन्स मिळत नाही, प्रॉक्सी (त्या बिटाच्या जागी वागणारा मधला ऑब्जेक्ट) मिळतो. ‘ऑटो’ लिहून घेतलेलं मूल्य कॉपी आहे असं वाटतं, आणि मूळ व्हेक्टर बदलला की तेही बदलतं. दोन थ्रेडनी शेजारशेजारचे घटक बदलले तर डेटा रेस (एकाच जागेवर एकाच वेळी होणारी बदलांची चढाओढ) होते. इतर प्रकारांच्या व्हेक्टरमध्ये ती होत नाही. टेम्प्लेट (कुठल्याही प्रकारासाठी चालणारा कोड) लिहिणाऱ्याने तर बूल हा शब्दही लिहिलेला नसतो.

याउलट जावा ९ने (२०१७) स्ट्रिंग आतून बदलली. सगळी अक्षरं लॅटिन-१ (इंग्रजी आणि पश्चिम युरोपीय अक्षरांचा संच) मधली असतील तर प्रत्येकी १ बाइट, नाहीतर २. बाहेरच्या मेथड जशाच्या तशा राहिल्या, म्हणून हे डिफॉल्ट योग्यच. मात्र एक देवनागरी अक्षर आलं की ती अख्खी स्ट्रिंग २ बाइटवर जाते. तेव्हा बचत मोजायची ती वापरणाऱ्यांच्या खऱ्या डेटावर, इंग्रजी नमुन्यांवर नाही.

आता पायथनचे स्लॉट्स घ्या (क्लासमध्ये फील्डची नावं आधीच ठरवून देण्याची सोय; त्यामुळे प्रत्येक ऑब्जेक्टला स्वतःची डिक्शनरी लागत नाही), कारण बहुतेकांना निर्णय इथेच घ्यावा लागतो.

१. १० लाख ऑब्जेक्ट तयार करून ट्रेसमॅलॉक या मेमरी मोजणाऱ्या मॉड्यूलने मोजा. गेटसाइझऑफ या फंक्शनवर विसंबू नका. ते ऑब्जेक्टची डिक्शनरी मोजतच नाही. ६४-बिट सीपायथनमध्ये (पायथनचं नेहमी वापरलं जाणारं रूप) तीन फील्डचा स्लॉटवाला ऑब्जेक्ट साधारण ५६ बाइटचा होतो: हेडर १६, फील्ड २४, गार्बेज कलेक्टरचे १६. पायथन ३.११पासून डिक्शनरी गरज पडल्यावरच तयार होते, म्हणून जुन्या आवृत्तीवरचे आकडे दाखवून निर्णय घेऊ नका.

२. काय मोडतं ते तपासा. आयत्या वेळी जोडलेला ॲट्रिब्यूट एरर देतो. कॅश्ड प्रॉपर्टीला (एकदा काढून जपून ठेवलेल्या मूल्याला) डिक्शनरी लागते. वीक रेफरन्ससाठी (ऑब्जेक्टला जिवंत न ठेवणाऱ्या रेफरन्ससाठी) वेगळा स्लॉट द्यावा लागतो. भरलेले स्लॉट असलेल्या दोन स्वतंत्र क्लासमधून एकत्र वारसा घेता येत नाही. सबक्लासने स्लॉट्स लिहिले नाहीत तर डिक्शनरी परत येते आणि बचत गुपचूप संपते. साध्या क्लासचे आधी पिकल करून (फाइलमध्ये साठवून) ठेवलेले ऑब्जेक्ट नव्या आवृत्तीत उघडत नाहीत. हे टेस्टमध्ये क्वचितच सापडतं, म्हणून जुन्या आवृत्तीची एक पिकल फाइल टेस्टमध्ये कायमची ठेवा.

३. बचत कधी उलटते तेही पाहा. याचं उदाहरण जावातलं: जावा ७च्या अपडेट ६च्या आधीपर्यंत सबस्ट्रिंग (स्ट्रिंगचा तुकडा) मूळ स्ट्रिंगचा ॲरेच वाटून घेत असे. दहा अक्षरं जपून ठेवली की काही मेगाबाइटची मूळ स्ट्रिंगही मेमरीत अडकून राहायची.

यातली एखादी अडचण खरी असूनही बचत मोठी असेल, तर जुन्या नावाचं डिफॉल्ट बदलू नका. पायथनमध्ये क्लास लिहिणं सोपं करणाऱ्या ॲटर्स लायब्ररीने २०२०मध्ये हेच केलं: जुना डेकोरेटर (क्लासवर लावायची खूण) तसाच ठेवला, आणि ‘डिफाइन’ या नव्या नावात स्लॉट्स डिफॉल्ट चालू केले. जुना कोड मोडला नाही, नवा लिहिणाऱ्याला बचत आपोआप मिळाली. पायथनच्या स्टँडर्ड लायब्ररीतल्या डेटाक्लासमध्ये ३.१०पासून स्लॉट्सचा पर्याय आहे, पण तो डिफॉल्ट बंद. स्टँडर्ड लायब्ररीने असंच वागावं. तिथे कोण कशावर अवलंबून आहे हे कुणालाच ठाऊक नसतं.

डिफॉल्ट चालू केलंत तर बंद करण्याचा पर्याय त्याच रिलीजमध्ये द्या, आणि त्याचं नाव चेंजलॉगच्या (बदलांच्या नोंदवहीच्या) पहिल्या ओळीत लिहा.