ईमेल, कॅलेंडर आणि कॉन्टॅक्ट असिस्टंटच्या हाती देताना या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक एकच आहे आणि बाकीच्या बहुतेक तिच्यातूनच निघतात: ऑफिसमधल्या असिस्टंटला आपल्या खात्याचा पासवर्ड देऊन टाकणं.

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना असो, शहरातला दवाखाना असो की सीएचं ऑफिस, चित्र सारखंच दिसतं. सर बाहेर असतात आणि ऑफिसमधून फोन येतो, "सर, ओटीपी आला का? मेल उघडत नाहीये." सर गाडी बाजूला घेऊन आकडे सांगतात. दोन-चारदा असं झालं की कंटाळून ओटीपी मागणारं टू-स्टेप व्हेरिफिकेशनच बंद करायला सांगतात. इथे धोका सुरू होतो. गूगलच्या पासवर्डमागे फक्त मेल नसतो. ड्राइव्हमधली कागदपत्रं, घरचे फोटो, क्रोममध्ये सेव्ह केलेले बाकीचे पासवर्ड, सगळं त्याच किल्लीने उघडतं. असिस्टंट कितीही विश्वासू असली तरी हे ओझं तिच्यावर टाकणं बरोबर नाही. उद्या काही गहाळ झालं तर संशय आधी तिच्यावर येतो, आणि मेल कोणी पाठवला हे दाखवायला तिच्याकडे काहीच नसतं.

जीमेलमध्ये यासाठी वेगळी सोय आहे. कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये जीमेलच्या सेटिंग्जमध्ये 'अकाउंट्स'च्या टॅबखाली 'ग्रँट अॅक्सेस टू युअर अकाउंट' हा पर्याय सापडेल. तिथे असिस्टंटचा ईमेल पत्ता टाकायचा. मोबाइल अॅपमध्ये शोधत बसू नका. साध्या जीमेल खात्यावर अशा 10 जणांना परवानगी देता येते. असिस्टंट स्वतःच्या पासवर्डने लॉगइन करते आणि तुमचा इनबॉक्स उघडते. ती मेल वाचू शकते, उत्तर देऊ शकते, डिलीटही करू शकते. पण तुमचा पासवर्ड बदलू शकत नाही आणि तुमच्या नावाने चॅटही करू शकत नाही.

"परवानगी दिली, पण दिसत नाही" ही तक्रार नेहमीची. आमंत्रणाचा मेल असिस्टंटने स्वीकारावा लागतो आणि तो आठवडाभरच चालतो. स्वीकारल्यावरही खातं दिसायला कधी कधी 24 तास लागतात. कंपनीच्या डोमेनवरचं, म्हणजे कंपनीच्या नावाच्या पत्त्याचं खातं असेल तर अॅडमिनने ही सोय चालू ठेवलेली असावी लागते, आणि असिस्टंटचं खातंही त्याच कंपनीतलं लागतं.

दुसरी तक्रार: असिस्टंटने मेल उघडला की तो वाचलेला दिसतो आणि सरांच्या नजरेतून सुटतो. परवानगी देतो त्याच जागी, दुसऱ्याने उघडलेला मेल न वाचलेलाच राहू द्यावा, असा पर्याय आहे. तो निवडा. पण नुसत्या सेटिंगवर विसंबू नका. 'सरांनी बघायचे' आणि 'उत्तर दिलं' अशी दोन लेबलं करा. पार्टीला एकाच मेलची दोन वेगळी उत्तरं जाणं हे उत्तर न जाण्यापेक्षा वाईट, विशेषतः दराचा विषय असेल तेव्हा.

काही जण सगळे मेल असिस्टंटच्या खासगी जीमेलवर आपोआप फॉरवर्ड करतात. असं करू नका. प्रत्येक मेलची प्रत तिच्या खात्यात कायमची राहते, त्यात बँकेचे मेलही आले. शिवाय उत्तर तिच्या पत्त्यावरून जातं आणि परदेशातला खरेदीदार विचारत बसतो, हे कोण?

कॅलेंडरमध्ये गोंधळ जास्त होतो, म्हणून जरा थांबून बघू. गूगल कॅलेंडरमध्ये परवानगीच्या पायऱ्या आहेत: फक्त मोकळी-व्यग्र वेळ दिसणं, सगळा तपशील दिसणं, बदल करता येणं, आणि बदलासोबत इतरांना शेअर करण्याचाही अधिकार. असिस्टंटला बहुतेक वेळा तिसरी पायरी पुरते. चौथी दिली तर तुमचं कॅलेंडर पुढे कोणाकोणाला दिसतं, हे तुमच्या हातात राहत नाही.

आता एक गोष्ट जी बऱ्याच जणांना ठाऊक नसते. गूगलमध्ये एखादी नोंद 'प्रायव्हेट' केली तरी बदल करण्याची परवानगी असलेल्या माणसाला ती पूर्ण दिसते. आउटलुकमध्ये उलट आहे. तिथे डेलिगेटला, म्हणजे परवानगी दिलेल्या माणसाला, खासगी नोंदी दाखवायच्या की नाही, याची वेगळी खूण करावी लागते. म्हणून डॉक्टरची तपासणी, घरची बोलणी, मुलांची शाळा या गोष्टी वेगळ्या कॅलेंडरमध्ये ठेवा आणि असिस्टंटला फक्त कामाचं कॅलेंडर द्या.

असिस्टंटने मीटिंग टाकताना कोणाचं कॅलेंडर निवडलंय ते बघायलाच हवं. ते राहून गेलं की मीटिंग तिच्या स्वतःच्या कॅलेंडरमध्ये जाते, आमंत्रण तिच्या नावाने निघतं आणि सरांचा दिवस मोकळाच दिसतो. मग त्याच वेळी दुसरं कोणीतरी येऊन बसतं. रिमाइंडरचंही तसंच. शेअर केलेल्या कॅलेंडरची सूचना ज्याची त्याने आपल्याकडे लावायची असते. सरांना घंटी वाजली म्हणून तिलाही वाजेल असं नाही. आणि सर आयफोनवरचं अॅपलचं कॅलेंडर वापरत असतील तर शेअर केलेली गूगल कॅलेंडरं तिथे आपोआप येत नाहीत, गूगलच्या सिंकच्या पानावर जाऊन निवडावी लागतात.

निर्यातीचं काम असेल तर वेळ कधीही हाताने हिशेब करून टाकू नका. जर्मनी हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते आणि उन्हाळ्यात साडेतीन. घड्याळ मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं. तिकडच्या सकाळी 10 ची मीटिंग आपल्याकडे हिवाळ्यात दुपारी 2:30 ला, उन्हाळ्यात 1:30 ला. नोंद करताना टाइम झोन जर्मनीचा निवडला की कॅलेंडर हे स्वतः सांभाळतं. जानेवारीचं तर आधीच टाकून ठेवा: फ्रँकफर्टचं हाइमटेक्स्टिल हे कापडाचं प्रदर्शन आणि आपली सोलापूरची गड्ड्याची यात्रा बऱ्याचदा एकाच आठवड्यात येतात. सर तिकडे आणि कामगार यात्रेला, अशा दिवसांत डिस्पॅचची तारीख दिली तर ती पाळणार कोण?

कॉन्टॅक्टबाबत अपेक्षा आधीच ठरवा. साध्या जीमेलमध्ये संपूर्ण कॉन्टॅक्ट यादी दुसऱ्याला चालवायला देता येत नाही. ती सोय कंपनीच्या किंवा शाळा-कॉलेजच्या खात्यांना आहे. साध्या खात्यावर 'ऑफिस' असं लेबल करा, सूतवाले, डाईंगवाले, ट्रान्सपोर्ट, माल परदेशी पाठवणारे फॉरवर्डर तेवढेच त्यात घाला आणि फक्त त्या लेबलची सीएसव्ही फाइल (एक्सेलमध्ये उघडणारी यादी) काढून द्या. नंबर फोनमध्ये किंवा सिममध्ये सेव्ह झाले असतील तर ते गूगलवर दिसणारच नाहीत, आधी ते खात्यात हलवा. नावंही नीट करा. 'अण्णा सूत', 'अण्णा नवीन' आणि 'अण्णा 2' यातला कोणता अण्णा, हे सरांना कळतं. असिस्टंटला नाव, फर्म आणि गाव लागतं. चुकून काही पुसलं गेलं तर घाबरू नका, गूगल कॉन्टॅक्ट 30 दिवसांपर्यंत मागे नेता येतात.

असिस्टंट काम सोडून जाते त्या दिवशी मेलची परवानगी काढा, कॅलेंडर शेअरिंग काढा, जीमेलमधले फॉरवर्डिंग आणि फिल्टर तपासा. ज्या खात्याचा पासवर्ड कधीकाळी दिला होता तो बदला, आणि त्या खात्याचा रिकव्हरी नंबर (पासवर्ड विसरल्यावर खातं परत मिळवायचा मोबाइल नंबर) कोणाचा आहे तो उघडून बघा. खातं तिनेच उघडून दिलं असेल तर तिथे बहुतेक वेळा तिचाच मोबाइल नंबर निघतो.