क्वेकर पूर्वज शोधताय? या चुका टाळा

लेकीचं सासर अमेरिकेतल्या पेनसिल्वेनियातलं. आमच्या विहीणबाईंकडे एका जुन्या पेटीत घराण्याचे कागद आहेत. त्यात लग्नाचं एक भलं मोठं प्रमाणपत्र, त्याखाली पाच-सहा डझन सह्या, काही पत्रं आणि त्यांच्या एका मावशीने कधीकाळी हाताने काढलेली वंशावळ. मी तिथे सहा महिने राहिले तेव्हा आम्ही दोघींनी ती वंशावळ तपासायला घेतली आणि दुसऱ्याच पिढीत अडखळलो. लग्न मार्च १७०२ मध्ये, पहिली मुलगी जानेवारी १७०२ मध्ये. मावशीने हा घोळ सोडवायला मुलीपुढे ‘पहिल्या बायकोची’ असा शेरा मारला होता आणि वंशावळीत एक बिननावाची बायको जोडली होती. अशी बायको कधी नव्हतीच. घोळ सगळा पंचांगाचा होता.

क्वेकर या ख्रिस्ती पंथातल्या घराण्याचा शोध घेताना ज्या चुका होतात, त्यातल्या बहुतेक अशाच असतात. नोंद अगदी बरोबर असते, पण आपण ती आपल्या सवयीने वाचतो. या लोकांनी कागद फार निगुतीने जपलेत. ते त्यांच्याच रीतीने वाचले तर तीनशे वर्षांपूर्वीचं घर डोळ्यासमोर उभं राहतं.

ज्यांना हा पंथ नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: १६५० च्या सुमारास इंग्लंडच्या उत्तर भागात जॉर्ज फॉक्स नावाच्या तरुणाभोवती हे लोक जमले. १६५२ मध्ये तो पेंडल टेकडीवर चढला आणि त्याच वर्षी स्वार्थमूर हॉलच्या मार्गारेट फेल यांच्या घरी पोचला. ते घर पुढे चळवळीचं माहेरघर झालं. हे लोक स्वतःला ‘फ्रेंड्स’ म्हणवत. पगारी पाद्री नाही, बाप्तिस्मा नाही, शपथ घ्यायची नाही, कुणापुढे टोपी काढायची नाही. उपासना म्हणजे एकत्र शांत बसणं. आतून प्रेरणा झाली तर कुणीही उठून बोलावं, बाईनेही. १६८१ मध्ये विल्यम पेनला सनद मिळाली आणि यातली बरीच कुटुंबं समुद्र ओलांडून पेनसिल्वेनियात गेली.

पहिला महिना म्हणजे जानेवारी समजू नका

वार आणि महिन्यांची नावं परक्या देवतांवरून पडलेली, म्हणून क्वेकर ती टाळत आणि आकडे लिहीत. रविवार म्हणजे पहिला दिवस, महिना म्हणजे पहिला, दुसरा, तिसरा. खरी मेख पुढे आहे. १७५२ पूर्वी इंग्लंडमध्ये आणि तिच्या वसाहतींत कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे पहिला महिना मार्च, तिसरा मे, दहावा डिसेंबर, अकरावा जानेवारी आणि बारावा फेब्रुवारी. ज्याचं वर्ष गुढीपाडव्याला सुरू होतं, त्याला हे समजायला जड जाऊ नये.

आता मावशीने जिथे घोळ केला ती मूळ नोंद पुन्हा वाचा. लग्न ‘तिसरा महिना १७०२’, म्हणजे मे १७०२. मुलीचा जन्म ‘पहिल्या महिन्याचा १४वा दिवस, १७०२’. मार्चची १४ तारीख उजाडली तरी २५ तारीख यायची होती, म्हणून वर्ष अजून १७०२च चालू. आपल्या हिशेबाने ती तारीख १४ मार्च १७०३. लग्नानंतर दहा महिन्यांनी मूल झालं. बस्स, एवढंच.

काही लेखक अशा तारखा १७०२/३ अशा जोडवर्षाने लिहीत. तशी नोंद मिळाली तर काम सोपं होतं. १७५२ पासून पहिला महिना जानेवारी झाला आणि त्याच वर्षी २ सप्टेंबरनंतरचा दिवस थेट १४ सप्टेंबर धरला गेला. म्हणजे एकाच वहीच्या अलीकडच्या पानावर नववा महिना नोव्हेंबर असतो आणि पलीकडच्या पानावर सप्टेंबर. आयत्या वंशावळींमध्ये कुणीतरी आधीच महिन्याचं नाव घालून ठेवलेलं असतं, त्यावर तर मुळीच विसंबू नका. माझी पद्धत अशी की एका रकान्यात मूळ नोंद जशीच्या तशी उतरवायची, शेजारच्या रकान्यात आपली तारीख. पुढे शंका आली की मूळ शब्द हाताशी असतात.

बाप्तिस्म्याची नोंद आणि थडग्याचा दगड शोधत बसू नका

बाप्तिस्मा नव्हताच, त्यामुळे चर्चच्या वहीत नाव नाही म्हणून हताश होऊ नका. क्वेकर थेट जन्माची नोंद ठेवत. लग्नंही चर्चमध्ये नसत. इंग्लंडच्या १७५३ च्या विवाह कायद्यानेसुद्धा क्वेकर आणि ज्यू यांना त्यातून वगळलं. दफनभूमीत जुना दगड सापडत नाही, कारण नावाचे दगड उभारणं त्यांना बडेजाव वाटे. लंडनच्या वार्षिक सभेने (तिथल्या क्वेकरांची सगळ्यात वरची सभा) १७१७ मध्ये त्याविरुद्ध सूचना दिली आणि साध्या, एकसारख्या दगडांना मुभा मिळाली ती १८५० मध्ये. शिवाय क्वेकर दफनभूमीत पुरलेला प्रत्येक जण सदस्य असेलच असं नाही. दफनाच्या नोंदीत ‘सदस्य नाही’ असा शेरा अनेकदा दिसतो, तो नजरेतून सुटू देऊ नका.

गाव नव्हे, मासिक सभा शोधा

या एका गोष्टीत माझे पहिले दोन महिने गेले, म्हणून जरा सविस्तर सांगते. आम्ही गावाच्या नावाने शोधत होतो. क्वेकरांचं दप्तर मात्र गावावर नाही, सभेवर चालतं. दर आठवड्याला उपासनेला बसणारे छोटे गट, असे काही गट मिळून एक मासिक सभा, त्यावर त्रैमासिक आणि सगळ्यात वर वार्षिक सभा. जन्म, लग्न, मृत्यू, सदस्यत्व, भांडणतंटा, गरिबांना मदत, हे सगळं मासिक सभेच्या वहीत. तिची हद्द सरकारी हद्दीशी जुळत नाही, आणि वस्ती वाढली की एका सभेतून दुसरी फुटून निघते. तुमच्या पूर्वजाचं घर जागचं हललं नाही तरी दप्तर बदलू शकतं. आधी त्या भागातल्या सभा कधी सुरू झाल्या आणि कशातून निघाल्या याचा तक्ता करा, मग नावं शोधा.

कुटुंब दुसरीकडे राहायला निघालं की जुनी सभा नव्या सभेच्या नावाने दाखला देई. आपल्याकडे शाळा सोडल्याचा दाखला असतो ना, तसाच. हे लोक कुठे जात आहेत, कर्जात किंवा वादात अडकलेले नाहीत, वागणूक चांगली आहे, असं त्यात लिहिलेलं असे. बायको आणि मुलांची नावंही बहुधा असत. दाखला देण्याची नोंद एका वहीत आणि मिळाल्याची दुसऱ्या वहीत, मध्ये काही महिने गेलेले. दोन्ही शोधा. पेनसिल्वेनियातून व्हर्जिनिया आणि कॅरोलिना, मग गुलामगिरीचा प्रदेश नको म्हणून १८०० नंतर ओहायो आणि इंडियाना, असा हजारो माणसांचा प्रवास या दाखल्यांवरून पावलापावलाने लावता येतो.

सदस्यांच्या पक्क्या याद्या मात्र सुरुवातीच्या काळात शोधू नका. सदस्य कुणाला म्हणायचं याचा नियम लंडनच्या वार्षिक सभेने १७३७ मध्ये घालून दिला. १६७० मधला पूर्वज यादीत नाही म्हणजे तो क्वेकर नव्हता, असा अर्थ निघत नाही.

‘काढून टाकलं’ म्हणजे वाळीत टाकलं नव्हे

मराठी वाचकाची सगळ्यात जास्त फसगत इथे होते असं मला वाटतं. एखाद्याला सभेने सदस्यत्वातून काढल्याची नोंद दिसली की आपल्या मनात लगेच जातपंचायत उभी राहते. इथे प्रकार वेगळा होता. काढलेल्या माणसाला उपासनेला येऊन बसता येई. कामकाजाच्या सभेत त्याला जागा नसे आणि त्याच्याकडून वर्गणी घेतली जात नसे. पाणी तोडलं, व्यवहार तोडला, असं काही नव्हतं. अनेक घरांत बाप काढलेला आणि आई-मुलं सदस्य, असं एका छपराखाली चाललेलं दिसतं.

कारणंही पाहा. बहुतेकदा ‘बाहेर लग्न’: बिगरक्वेकराशी, किंवा पाद्र्याकडून लावलेलं लग्न. मग दारू, दिवाळखोरी, सैन्यात जाणं. अमेरिकेचा पहिला ध्वज शिवल्याची आख्यायिका जिच्याभोवती आहे ती बेट्सी रॉस फिलाडेल्फियाच्या क्वेकर घरातली. १७७३ मध्ये तिने अँग्लिकन तरुणाशी लग्न केलं आणि सभेने तिला काढलं. पुढे ती ‘फ्री क्वेकर’ नावाच्या गटात गेली. स्वातंत्र्ययुद्धाच्या बाजूने उभं राहिल्यामुळे काढलेल्यांचा तो गट होता.

काढल्याच्या नोंदीपाशी शोध थांबवणं ही मोठी चूक. त्यानंतर कुटुंब चर्चच्या वह्यांत सापडू शकतं. किंवा दहा वर्षांनी तोच माणूस लेखी कबुली देऊन परत आलेला दिसतो. अशा कबुलीतून दोन-अडीचशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसाचा आवाज कानावर आल्यासारखं वाटतं. वंशावळीतल्या नाव-तारखेत तो नाही.

१८२७ नंतरच्या नोंदी जपून वाचा. त्या वर्षी फिलाडेल्फियाची वार्षिक सभा दुभंगली, एकीकडे हिक्साइट (एलायस हिक्स या प्रवचनकाराच्या बाजूचे) आणि दुसरीकडे त्याच्या विरोधातले ऑर्थोडॉक्स. एकाच नावाच्या दोन सभा, दोन दप्तरं, आणि एका बाजूने दुसऱ्या बाजूच्या लोकांना काढल्याच्या नोंदी. यात वागणुकीचा दोष नसतो, बाजू कुठली घेतली तेवढंच कळतं. फिलाडेल्फियाच्या या दोन सभा पुन्हा एक झाल्या त्या १९५५ मध्ये. जुने कागद स्वार्थमोर आणि हॅवरफर्ड या दोन महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत आहेत. एकीकडे नाही मिळालं तर दुसरीकडे बघायलाच हवं.

शब्द ओळखीचा वाटला तरी थांबा

‘पब्लिक फ्रेंड’ म्हणजे लोकप्रिय माणूस नव्हे, गावोगाव फिरून उपासनेत बोलणारा प्रवचनकार, मग तो पुरुष असो की बाई. ‘मिनिस्टर’ला पगार नसे, तो एरवी शेतकरी किंवा चांभार असे. ‘क्लार्क’ म्हणजे कारकून नाही, सभा चालवून एकमत शब्दांत मांडणारी व्यक्ती. अमेरिकी नोंदींसाठी विल्यम वेड हिनशॉ यांचे १९३६ पासून निघालेले खंड सगळे वापरतात, त्यात लघुरूपंच लघुरूपं आहेत. ‘एमओयू’ म्हणजे पंथाबाहेर लग्न, ‘जीसीटी’ म्हणजे अमुक सभेसाठी दाखला दिला, ‘आरओसीएफ’ म्हणजे अमुक सभेचा दाखला आणला. खंड उत्तम आहेत, पण तो सारांश आहे. मूळ वहीतली चार ओळींची हकिगत त्यात चार अक्षरांवर येते.

इंग्लंडच्या बाबतीतही हेच. १८४० च्या कायद्यानंतर मूळ नोंदवह्या सरकारकडे गेल्या आणि आज त्या लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. देण्याआधी क्वेकरांनी त्यांचे गोषवारे करून ठेवले, ते लंडनच्या फ्रेंड्स हाउसमधल्या ग्रंथालयात पाहता येतात. गोषवाऱ्यात लग्नाच्या साक्षीदारांची नावं नाहीत. साक्षीदार हवे असतील तर मूळ वहीच उघडावी लागते. (नागपूर-विदर्भाकडच्या कुणाचा धागा होशंगाबाद, सोहागपूर, इटारसी या भागातल्या ब्रिटिश क्वेकर मिशनशी जुळत असेल, तर त्या मिशनचे कागदही याच ग्रंथालयात आहेत.)

तुरुंग दिसला म्हणून नोंद लपवू नका

विहीणबाईंच्या मावशीने एका पूर्वजाचा तुरुंगवास वंशावळीतून गाळला होता. तो काळ १६६० च्या दशकाचा. इंग्लंडमध्ये १६६२ आणि १६६४ च्या कायद्यांनी अशा सभांना बसणं हाच गुन्हा ठरवला होता. बोस्टनमध्ये तर १ जून १६६० रोजी मेरी डायरला फाशी दिली, ती क्वेकर म्हणून हद्दपार केलेली असताना परत आली म्हणून. क्वेकर असे प्रसंग लिहून ठेवत. त्या वह्यांना ते ‘यातनांच्या नोंदी’ म्हणत. चर्चचा दशांश कर द्यायला नकार दिला की अधिकारी घरातल्या वस्तू उचलून नेत: कथिलाची ताटं, गाय, धान्य, अंथरूण. कोणती वस्तू, किती किमतीची, कुठल्या मागणीपोटी, सगळं टिपलेलं. मागणी थोडी आणि उचललेला माल कितीतरी जास्त, हेही कळतं. त्या घरात चूल कशी होती, गोठ्यात काय होतं, ते या यादीइतकं जवळून दुसरं कुठे सापडायचं नाही.

उलट टोकाची चूकही करू नका. सगळे क्वेकर पहिल्यापासून गुलामगिरीच्या विरोधात होते असं धरून चालू नये. फिलाडेल्फियाजवळच्या जर्मनटाउनच्या काही जणांनी १६८८ मध्ये लेखी निषेध केला खरा, पण विल्यम पेनकडे स्वतःचे गुलाम होते, आणि फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने सदस्यांना गुलाम ठेवायला बंदी केली ती १७७६ मध्ये. गुलामांना मुक्त केल्याचे कागद सभांच्या दप्तरांत आहेत. त्यात मुक्त झालेल्यांची नावं असतात, आणि त्यांच्या वंशजांसाठी तो कागद अनमोल आहे. तो आपल्या घरच्या फाइलमध्ये असेल तर दडवू नका.

लग्नाच्या प्रमाणपत्राची घाई नको

जोडप्याला मासिक सभेपुढे दोनदा उभं राहून लग्नाचा इरादा सांगावा लागे. मध्ये सभेची माणसं चौकशी करत. त्या दोन्ही तारखा वहीत येतात, आणि लोक त्यातलीच एक लग्नाची तारीख म्हणून उचलतात. लग्न त्यानंतरचं. ते बहुतेकदा नवरीच्या सभेत होई, मुलं मात्र नवऱ्याच्या सभेच्या वहीत. बायकांची कामकाजाची सभा वेगळी भरे, तिच्या वह्याही वेगळ्या. नवरीबद्दलची चौकशी तिथेच सापडते. पुरुषांची वही चाळून काम संपलं असं समजू नका.

प्रमाणपत्राखाली हजर असलेले सगळे सही करत. नातेवाईक बहुधा उजवीकडच्या रांगेत, जोडप्याच्या खाली. सगळेच क्वेकर किंवा सगळेच नातेवाईक नसत, शेजारीपाजारीही असत. नवरीची सही नव्या आडनावाने असते, माहेरचं नाव वरच्या मजकुरात शोधावं लागतं.

विहीणबाईंच्या प्रमाणपत्रावर उजव्या रांगेत शेवटून तिसरी सही मोठ्या, वाकड्या अक्षरांत आहे, ओळ सोडून वर चढलेली. आडनाव नवरीच्या माहेरचं. जन्माच्या वहीत पाहिलं तर तो तिचा धाकटा भाऊ निघाला, आठ वर्षांचा. मावशीच्या वंशावळीत हा मुलगा कुठेच नव्हता. आता आहे.