परदेशातील वॉर्डात रुजू होताना : शिरेवाटे औषधाचा वेग आणि मात्रेची एकके

परदेशातील रुग्णालयात परिचारिका म्हणून रुजू होणाऱ्यांना सुरुवातीलाच औषधांच्या हिशोबाची परीक्षा द्यावी लागण्याची शक्यता असते, आणि तिच्या धास्तीने बहुतेक जणी सूत्रे पाठ करत बसतात. सूत्रे तुम्हाला येतातच. अडते ते एककांपाशी, कारण ओळखीचे औषध नव्या देशात वेगळ्या नावाने, वेगळ्या तीव्रतेत आणि कधीकधी वेगळ्याच मोजमापात लिहिलेले आढळते.

साध्या सलाइनबद्दल फार सांगण्याची गरज नाही. १००० मिली ८ तासांत द्यायचे असेल तर वेग ताशी १२५ मिली होतो. पंपाविना लावायचे असल्यास २० थेंबांच्या सेटवर (ज्यात २० थेंबांचे १ मिली होते) मिनिटाला सुमारे ४२ थेंब पडतात आणि मायक्रोड्रिपवर (६० थेंबांचे १ मिली) १२५. मात्र १० आणि १५ थेंबांचे सेटही वापरात असल्यामुळे पूर्वीच्या सवयीने थेंब मोजण्याआधी पाकिटावरचा आकडा वाचावा.

खरी काळजी अतिदक्षता विभागातील औषधांची घ्यावी लागते. समजा, ७० किलो वजनाच्या रुग्णाला रक्तदाब वाढवणारे नॉरअ‍ॅड्रिनॅलिन ०.१ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट या मात्रेने द्यायचे आहे आणि सिरिंजमध्ये ५० मिली द्रावणात ४ मिलिग्रॅम औषध आहे. ४ मिलिग्रॅम म्हणजे ४००० मायक्रोग्रॅम, म्हणून १ मिलीत ८० मायक्रोग्रॅम. रुग्णाला मिनिटाला ७, म्हणजे तासाला ४२० मायक्रोग्रॅम हवेत. ४२० ला ८० ने भागले की ताशी ५.२५ मिली हे उत्तर येते. प्रत्येक आकड्यापुढे त्याचे एकक लिहीत गेलात आणि शेवटी ‘मिली प्रति तास’ एवढेच उरले, तर मांडणी बरोबर आहे असे समजावे. मिनिटांचे तास करायचे राहून गेले, तर उत्तर ०.०९ च्या आसपास येते आणि ते पाहताच कोणालाही शंका येते.

दुपटीची चूक मात्र अशी डोळ्यांत भरत नाही, आणि देश बदलल्यावर नेमकी तीच होण्याची भीती अधिक असते. याच नॉरअ‍ॅड्रिनॅलिनच्या अ‍ॅम्प्यूलवर कुठे टार्ट्रेट क्षाराचे (औषध ज्या संयुगाच्या रूपात असते त्याचे) वजन छापलेले असते, तर कुठे मूळ औषधाचे. २ मिलिग्रॅम टार्ट्रेटमध्ये मूळ औषध साधारण १ मिलिग्रॅमच असते. त्यामुळे आदेश आणि लेबल दोन्ही एकाच रूपात आहेत का, हे पाहिल्याशिवाय सिरिंज भरू नये. वजनाचेही तसेच आहे. ७० किलोचा रुग्ण पौंडांत सुमारे १५४ भरतो. तो १५४ हा आकडा किलो समजून पंपात गेला, तर वेग ५.२५ ऐवजी ११.५५ येतो आणि पडद्यावर त्यात काही वावगे दिसत नाही. क्षारांची मात्रा कुठे मिलिमोलमध्ये (कणांच्या संख्येवरून), तर कुठे मिलिइक्विव्हॅलंटमध्ये (कणांवरील विद्युतभारावरून) लिहितात. इथे पोटॅशियम आपल्याला गाफील ठेवते, कारण त्याचे १ मिलिमोल म्हणजे १ मिलिइक्विव्हॅलंट. पण कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे १ मिलिमोल म्हणजे २ मिलिइक्विव्हॅलंट होतात.

टक्के आणि गुणोत्तरे दिसली की ती लगेच मिलिग्रॅममध्ये उतरवून घ्यावीत. १ टक्का म्हणजे १ मिलीत १० मिलिग्रॅम. अ‍ॅड्रिनॅलिन १:१००० म्हणजे १ मिलीत १ मिलिग्रॅम, आणि १:१०,००० म्हणजे त्याचा दहावा भाग. (अ‍ॅड्रिनॅलिनला अमेरिकेत एपिनेफ्रिन म्हणतात, नावांची ही जोडी पहिल्याच दिवशी लक्षात ठेवावी.) लिहिताना ‘मायक्रोग्रॅम’ आणि ‘युनिट’ हे शब्द पूर्ण लिहावेत. युनिटसाठी नुसते इंग्रजी आद्याक्षर काढले, तर ते घाईत शून्यासारखे वाचले जाते आणि इन्सुलिनची मात्रा दहापट होते. दशांश चिन्हाआधी शून्य लिहावे, पूर्णांकानंतर लिहू नये : ०.५ योग्य, ५.० नको. युरोपातील अनेक देशांत दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात, हेही ध्यानात असू द्यावे.

पंपात औषधांची यादी आणि मर्यादा भरलेल्या असतात, त्यामुळे हाताने हिशोब कशाला, असे नव्यांना वाटते. पंप गुणाकारात चुकत नाही हे खरे, पण सिरिंजमध्ये प्रत्यक्ष काय भरले आहे हे त्याला कळत नाही, आणि मर्यादेच्या आत बसणारी दुप्पट मात्रा तो निमूटपणे देत राहतो. म्हणून पडद्यावरचा वेग स्वतःच्या उत्तराशी ताडून पाहावा. दुसऱ्या परिचारिकेकडून तपासणी करून घेताना तिला आपले उत्तर आधी सांगू नये. आदेश, वजन आणि लेबल तिच्यापुढे ठेवून तिला स्वतंत्र हिशोब करू द्यावा. तुम्ही नवीन आहात म्हणून ज्येष्ठ सहकाऱ्याला असे थांबवणे अवघड वाटेल, परंतु बहुतेक ठिकाणी ते अपेक्षितच असते. दोन उत्तरे जुळली नाहीत, तर औषध सुरू न करता डॉक्टरांना किंवा रुग्णालयातील औषधनिर्मात्यांना (फार्मासिस्टना) विचारावे. पाळी बदलताना वेग केवळ तोंडी ऐकून घेऊ नये. सिरिंजवरील लेबलापासून रुग्णाच्या शिरेपर्यंत नळी हाताने तपासत जावे आणि मगच नोंदीवर सही करावी.