व्यावसायिक भेटीगाठींसाठी खेळ की सहल? नाशिकच्या उद्योजकांसाठी तयारीची यादी

ग्राहक, पुरवठादार आणि ओळखीतले चार-दोन नवे उद्योजक यांच्यासोबत एक सकाळ खेळात किंवा भटकंतीत घालवायची असे ठरले, की सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींतल्या मंडळींमध्ये पहिला प्रश्न ‘जायचे कुठे’ हा निघतो. तो प्रश्न मागे ठेवावा. आधी येणाऱ्या प्रत्येकाचे नाव लिहून त्यापुढे तीन नोंदी कराव्यात : वय व प्रकृती, या गटात ती व्यक्ती कोणाला ओळखते, आणि तिची कोणाशी ओळख व्हावी असे आपल्याला वाटते. तिसरा रकाना रिकामाच राहत असेल तर ती नुसती सहल आहे. सहलीतही काही वाईट नाही, पण तिचा खर्च कंपनीच्या खात्यावर टाकताना मनाशी तेवढे स्पष्ट असावे.

प्रकृतीबद्दल फोनवर थेट विचारले तर बहुतेक जण ‘काही अडचण नाही’ असेच सांगतात. त्यापेक्षा किती चालायचे आहे, चढ कसा आहे, उन्हात किती वेळ जाईल हे निमंत्रणातच लिहावे आणि गुडघे, रक्तदाब किंवा मधुमेहामुळे वेगळी सोय हवी असल्यास वैयक्तिक निरोप देण्याची विनंती करावी. काही वर्षांपूर्वी ही काळजी न घेता आम्ही पाहुण्यांना एका गडावर नेले. ज्यांच्यासाठी सारा बेत आखला होता ते खरेदी विभागातील ज्येष्ठ गृहस्थ निम्म्या वाटेवर दम लागून दगडावर टेकले. आम्ही यजमान तोवर माथ्यावर फोटो काढत होतो, आणि त्यांच्या सोबतीला फक्त आमचा चालक होता. त्या दिवशी त्यांची खरी ओळख झाली ती त्या चालकाशीच.

यानंतर खेळाची निवड. गोल्फला व्यापाराच्या जगात जो मान आहे, त्यामागे साधे गणित आहे : अठरा होलच्या फेरीला साधारण चार तास लागतात, गट चौघांचा असतो आणि दोन फटक्यांच्या मधला सगळा वेळ चालण्यात व बोलण्यात जातो. नाशिककर ‘गोल्फ क्लबवर भेटू’ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात असते ते हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, जिथे गोल्फ नव्हे, रणजी क्रिकेटचे सामने होतात. त्यामुळे गोल्फचे तत्त्व तेवढे उचलावे आणि कोणताही पर्याय त्याच कसोटीवर घासून पाहावा. खेळता खेळता बोलता येते का, सोबती बदलत राहतात का, आणि ज्याला काहीच खेळता येत नाही तो माणूस अवघडून जातो का?

बॉक्स क्रिकेट या कसोटीवर अर्धेच उतरते. टर्फ तासावर मिळते आणि टेनिस चेंडूमुळे फारसे कोणी बिचकत नाही, पण जाळीच्या आत ओरडण्यापलीकडे बोलणे होत नाही. तरीही तेच ठरले, तर संघ कंपनीनिहाय न पाडता चिठ्ठ्या टाकून पाडावेत आणि बाद झालेल्यांना बसायला जाळीबाहेर सावलीत खुर्च्या मांडाव्यात, कारण कामाच्या गोष्टी तिथेच निघतात. बॅडमिंटन दुहेरी त्याहून सरस. आठ खेळाडू आणि दोन कोर्ट असतील, तर सात फेऱ्यांत प्रत्येक जण उरलेल्या सातही जणांचा एकेकदा जोडीदार होतो. फेरी दहा मिनिटांची ठेवली तर विश्रांतीसह दीड तासात काम होते. जोड्यांचा तक्ता मात्र आदल्या दिवशीच कागदावर तयार असावा. सायकलिंगची नाशिकमध्ये हौस मोठी आहे. परंतु रस्त्यावर एकामागोमाग जावे लागते आणि संभाषण फक्त चहाच्या टपरीवर होते.

मिश्र वयाच्या गटासाठी माझी पहिली पसंती पांडवलेणीला आहे. पायऱ्या आहेत, पण थांबत थांबत चढता येतात, आणि वर गेल्यावर उद्योजकांसाठी खास विषय हाती लागतो : दहाव्या लेण्यात नहपान या क्षत्रप राजाचा जावई उषवदात याचा कोरीव लेख आहे, त्यात गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे व्यवसायसंघाकडे, २००० कार्षापण (त्या काळची नाणी) दरमहा शेकडा एक आणि दुसऱ्या श्रेणीकडे १००० कार्षापण दरमहा शेकडा पाऊण व्याजाने ठेवल्याची नोंद आहे. एकाच ठेवीदाराने दोन दर का स्वीकारले असतील, या प्रश्नावर बँकवाले आणि कारखानदार उतरेपर्यंत वाद घालतात. माहिती सांगणारी जाणती व्यक्ती आधी ठरवावी; ध्वनिक्षेपक आणि खाद्यपदार्थ वर नेऊ नयेत. गडच हवा असेल तर रामशेज पुरे. हरिहरच्या उभ्या पायऱ्या पाहुण्यांसाठी नाहीत. नांदूरमध्यमेश्वर हे महाराष्ट्रातील पहिले रामसर क्षेत्र (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) हिवाळ्यात अवश्य पाहावे, मात्र पक्षी पाहताना गप्प राहावे लागते, हे ध्यानात घेऊन तिथे आधीपासून ओळख असलेल्यांनाच न्यावे.

तारीख ठरवताना काही कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी शनिवारी तर काहींची रविवारी असते, हे विचारून घ्यावे. तिसऱ्या श्रावणी सोमवारच्या आसपास ब्रह्मगिरी प्रदक्षिणेची गर्दी असते, तेव्हा त्र्यंबक रस्ता टाळावा. मिसळ हा नाशिकचा ठरलेला नाश्ता असला, तरी उपवास, जैन आहार आणि तिखट न सोसणारे यांची सोय आधी सांगून ठेवावी. द्राक्षमळा व वायनरीची भेट जानेवारी ते मार्च या हंगामात रंगते. ती खेळानंतरच ठेवावी, न पिणाऱ्याला कारण विचारू नये आणि परतीची गाडी चालवणाऱ्याने पेल्याला हात लावू नये.

सरकारी उपक्रमांतील अधिकारी येणार असतील, तर त्यांना पाहुणचार स्वीकारण्याची मुभा आहे का, हे निमंत्रणापूर्वीच विचारावे. त्यांनी आपला वाटा भरतो म्हटले तर आग्रहाने नाकारू नये, उलट रीतसर पावती द्यावी.

आदल्या दिवशी प्रथमोपचार पेटी, पिण्याचे पाणी, जादा टोप्या आणि जवळच्या रुग्णालयाचा पत्ता एका ठरलेल्या माणसाकडे सोपवावा; रुग्णवाहिकेचा १०८ क्रमांक सर्वांना ठाऊक असतो, पण आपण नेमके कुठे आहोत ते ऐनवेळी सांगता येत नाही, म्हणून ठिकाणाचा नकाशा गटावर आधीच टाकावा. भेट झाल्यावर दोन दिवसांच्या आत प्रत्येकाला स्वतंत्र निरोप जावा आणि कोण कोणाबरोबर चालले, खेळले वा जेवले याची नोंद त्या पहिल्या कागदावरच करून ठेवावी, म्हणजे पुढच्या वेळी त्याच जोड्या पुन्हा लागणार नाहीत.