निरगुडीचा पाला कसा वापरावा: ओळख, शेक, तेल, धान्य साठवण आणि लागवड

ओढ्याकाठी, विहिरीजवळ, मळ्याच्या बांधावर, जिथे थोडी ओल असते तिथे निरगुडी आपोआप उगवते. काही भागांत तिला निगडीही म्हणतात. तिला कुणी मुद्दाम पाणी घालत नाही, आणि गुरं-शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत म्हणून ती वाढतेही जोमाने. पाय मुरगळला, कंबर धरली, कणगीतल्या ज्वारीला किडे लागायची भीती वाटली, की जाणती माणसं तिच्याकडेच वळायची. आता बांध सपाट होताना निरगुडी मुळासकट निघते आणि ती कशी वापरायची हे सांगणारी माणसंही कमी झाली आहेत. मला याचं फार वाईट वाटतं, म्हणून हे सगळं सविस्तर लिहीत आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट लक्षात घ्या. निरगुडीचं बरंचसं काम तिच्या उग्र वासात आहे. तो वास पानातल्या तेलाचा, आणि हे तेल सहज उडून जातं. पाला उन्हात वाळवला किंवा उघड्या पातेल्यात तासभर उकळला की हाती चोथा राहतो. पुढच्या कृतींतली निम्मी काळजी हा वास राखण्यासाठीच आहे.

आधी झुडूप नीट ओळखा

निरगुडीचं शास्त्रीय नाव व्हायटेक्स निगुंडो. झुडूप साधारण 2 ते 5 मीटर वाढतं. कोवळी फांदी बोटांत फिरवून पाहा, ती चौकोनी लागते आणि तिच्यावर पांढुरकी लव असते. एका देठाला 3 किंवा 5 पर्णिका असतात, पंजासारख्या पसरलेल्या. मधली सर्वांत लांब आणि तिला स्वतःचा छोटा देठ, कडेच्या दोन जवळजवळ बिनदेठाच्या. वरून गडद हिरवा रंग, खालून राखाडी-पांढरा. वाऱ्यावर पानं उलटली की सगळं झुडूप रुपेरी दिसतं आणि रस्त्यावरूनसुद्धा ओळखू येतं. फुलं बारीक, निळसर जांभळी, फांदीच्या टोकाला तुऱ्यात येतात. फळ मिऱ्याएवढं, पिकल्यावर काळं.

शेवटची खूण वासाची. पान चुरगळून नाकाशी धरलं की वास एकदम चढतो. वास आला नाही तर ते झुडूप सोडून द्या.

काही ठिकाणी काळ्या अडुळशालाच काळी निरगुडी म्हणतात. त्याचं पान एकेरी असतं, पंजासारखं नसतं. झुडूप वेगळं, कूळही वेगळं, तेव्हा एकाच्या जागी दुसरं वापरू नये.

पाला काढणं आणि वाळवणं

सकाळी दव उडून गेल्यावर, ऊन तापायच्या आत पाला काढावा. रस्त्याकडेचा, नाल्याच्या सांडपाण्यावर वाढलेला आणि फवारणी झालेल्या शेताच्या बांधावरचा घेऊ नये. हाताने ओरबाडण्यापेक्षा कोयत्याने किंवा कात्रीने फांद्यांचे शेंडे छाटावेत. निरगुडीला छाटणी मानवते, कापलेल्या जागेखालून नवे धुमारे फुटतात. एका वेळी एका झुडपाचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पाला मात्र काढू नये.

वाळवण्यासाठी:

1. पाला पाण्यात खळबळून धूळ काढा आणि पाणी निथळू द्या.
2. वारा खेळता असलेल्या सावलीत, सुती कापडावर एकेरी थर पसरा. छोट्या जुड्या बांधून दोरीला उलट्या टांगल्या तरी चालतं.
3. रोज एकदा वरखाली करा.
4. पान मुठीत दाबल्यावर कुरकुरून मोडलं की वाळला. देठ वाकला, मोडला नाही, तर अजून थांबा.
5. झाकणाच्या कोरड्या डब्यात भरा. झाकण उघडताच वास आला पाहिजे. तो येईनासा झाला की पाला खतात टाकून नवा करावा.

दुखऱ्या जागी शेक

निरगुडीचा जुना आणि घरोघरी चालत आलेला उपयोग हा. गुडघे, कंबर, आखडलेली मान, जुनं मुरगळणं यांवर लोक तो करतात. पानांच्या अर्काने सूज आणि वेदना कमी होताना प्रयोगशाळेत प्राण्यांवरच्या चाचण्यांत दिसलं आहे. माणसांवरचा अभ्यास त्या मानाने थोडा आहे. म्हणून शेकाकडे आराम देणारा उपाय म्हणून पाहावं, सांधा बरा करणारं औषध म्हणून नाही.

1. दोन-तीन मुठी ताजा पाला देठ काढून घ्या.
2. लोखंडी तवा मंद आचेवर ठेवा, चमचाभर तिळाचं तेल सोडा आणि पाला परता. दोन-तीन मिनिटांत तो मऊ पडतो आणि घरभर वास सुटतो. तेवढ्यावरच उतरवा. पानं काळी पडली तर ती वाया गेली.
3. सुती फडक्यात बांधून पुरचुंडी करा.
4. आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून पाहा. तिथे सोसलं तरच दुखऱ्या जागी लावा.
5. 10 ते 15 मिनिटं शेका. पुरचुंडी निवली तर तव्यावर पुन्हा टेकवून गरम करा.
6. शेवटी तोच कोमट पाला दुखऱ्या जागी पसरून, वर एरंडाचं पान ठेवून फडक्याने सैलसर बांधा. रात्रभर राहू द्या.

ताज्या दुखापतीवर गरम शेक देऊ नये. पाय आत्ताच मुरगळला असेल तर पहिले दोन दिवस थंड पाण्याची पट्टी आणि विश्रांती, निरगुडी त्यानंतर. पायावर भारच देता येत नसेल किंवा हाड वाकडं दिसत असेल तर एक्स-रे आधी. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्या माणसाला हा शेक देऊच नये. चटका बसला तरी त्यांना कळत नाही, आणि ती जखम पुढे महिनोन्‌महिने छळते. उघडी जखम, पुरळ किंवा लाल तापलेला सांधा असेल तिथेही नको.

बाळंतिणीच्या न्हाणीच्या पाण्यात निरगुडीचा पाला टाकायची रीत अनेक घरांत अजून आहे. पाणी तापलं की पाला टाकून झाकण ठेवायचं आणि थोड्या वेळाने गाळून घ्यायचं. टाके असतील तर आधी डॉक्टरांना विचारून घ्यावं.

निरगुडीचं तेल

दर वेळी ताजा पाला मिळत नाही, त्यासाठी तेल. आयुर्वेदात औषधी तेल करायचं एक ठरलेलं प्रमाण आहे: वाटलेली वनस्पती म्हणजे कल्क 1 भाग, तेल 4 भाग आणि रस किंवा काढा 16 भाग. घरी झेपेल असा हिशोब असा: तिळाचं तेल 250 मिलि, काढा 1 लिटर, कल्क 60 ग्रॅम.

निरगुडीच्या पानात रस फार नसतो. वाटून पिळायला गेलं तर हात हिरवे होतात आणि वाटीभरही निघत नाही, म्हणून काढाच सोयीचा. अर्धा किलो पाला 4 लिटर पाण्यात मंद आचेवर उकळून 1 लिटर उरवा आणि गाळा. आटताना वास बराचसा उडतो. म्हणूनच कल्क काढ्यातल्या उकडलेल्या पानांचा न करता वेगळ्या ताज्या पाल्याचा, आणि तोही ऐन वेळी वाटलेला घ्यावा.

जाड बुडाच्या पसरट भांड्यात तेल कोमट करा. त्यात कल्क आणि मग थोडाथोडा काढा घाला. भांडं मोठंच हवं, कारण हे मिश्रण उतू जातं. आच शेवटपर्यंत मंद ठेवा आणि लाकडी चमच्याने बूड खरवडत राहा. घाई केली तर कल्क खाली लागतो आणि सगळ्या तेलाला करपट वास येतो. यात दुपार जाते, तेवढा वेळ काढूनच बसावं.

तेल झालं हे तीन खुणांनी कळतं. कल्काचा कण बोटांत वळला की त्याची वात होते. ती वात विस्तवावर धरली तर तडतड न होता जळते, म्हणजे पाणी उरलेलं नाही. आणि तेलाच्या कडेने फेस येऊ लागतो. तिन्ही जमल्या की लगेच उतरवा, गरम असतानाच सुती फडक्यातून गाळा आणि पूर्ण निवल्यावर कोरड्या काचेच्या बाटलीत भरा. पाण्याचा अंश राहिला तर तेल खवट होतं. पहिल्या वापराआधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक दिवस वाट पाहावी. हे तेल बाहेरून चोळण्यासाठीच आहे, कानात किंवा नाकात घालू नये.

वाफ आणि उशी

सर्दीने नाक चोंदलं की लिटरभर पाणी उकळायचं, भांडं चुलीवरून उतरवायचं, मग दोन मुठी पाला टाकून झाकण घालायचं. तीन-चार मिनिटांनी डोक्यावर पंचा घेऊन झाकण हळूच उघडायचं. पाला पाण्याबरोबर उकळला तर वास स्वयंपाकघरात जातो आणि वाफेत काही राहत नाही. लहान मुलांना असा वाफारा देऊ नये, उकळत्या पाण्याचं भांडं कलंडायला क्षण पुरतो.

वाळलेल्या पाल्याची उशी हा त्याहून सोपा प्रकार. पाल्यातले काड्या-देठ निवडून काढा, पातळ सुती पिशवीत भरा आणि ती पिशवी रोजच्या उशीच्या अभ्र्यात सरकवा. डोकं जड होणाऱ्यांना बरं वाटतं. वासाने शिंका किंवा दम लागत असेल तर लगेच काढून ठेवावी.

धान्यात पाला

पूर्वी निरगुडीच्या लवचीक फोकांच्या कणग्या विणत, शेणामातीने लिंपत, आणि आतल्या धान्यातही निरगुडीचाच पाला घालत. आज कणगीची जागा पत्र्याच्या कोठीने घेतली, पाला तिथेही चालतो.

धान्य आधी कडक उन्हात वाळवा. दाताखाली दाणा कट्‌कन फुटला पाहिजे. धान्य निवलं की कोठीच्या तळाशी पूर्ण वाळलेला पाला पसरा, वर वीतभर धान्य, मग मूठभर पाला, असे थर लावत जा आणि सर्वांत वर जाडसर थर द्या. अर्धवट ओला पाला घालू नका, त्याच्या ओलीने बुरशी येते आणि किडीपेक्षा मोठं नुकसान होतं. डाळी थोड्याच असतील तर पाला मलमलच्या पुरचुंडीत बांधून ठेवावा, निवडायचा त्रास वाचतो. दळायच्या आधी धान्य पाखडून उन्हात ठेवलं की वास निघून जातो.

पाल्याने कीड दूर राहते. आत शिरलेली, अंडी घातलेली कीड त्याने मरेल असं समजू नका. किडलेलं धान्य आधी चाळून, ऊन देऊन मगच भरावं.

गोठ्यातले डास-गोमाशा हटवायला संध्याकाळी पाल्याची धुरी करतात. ती गोठ्याच्या दाराबाहेर, वारा जिकडून येतो त्या बाजूला, कडब्यापासून लांब करावी. झोपायच्या खोलीत धूर कोंडू नये, तो आपल्याही छातीला वाईटच.

शेतासाठी दशपर्णी अर्क

सेंद्रिय शेती करणाऱ्यांना निरगुडी या अर्कामुळे, म्हणजे दहा झाडांचा पाला आंबवून पिकावरच्या किडीसाठी केलेल्या फवाऱ्यामुळे, माहीत असते. रूढ प्रमाण: कडुनिंबाचा पाला 5 किलो, निरगुडी, करंज, सीताफळ, रुई, एरंड, पपई, घाणेरी, कण्हेर आणि गुळवेल प्रत्येकी 2 किलो, हिरव्या मिरचीचा ठेचा 2 किलो, लसूण पाव किलो, शेण 3 किलो, गोमूत्र 5 लिटर आणि पाणी 200 लिटर. पिंप सावलीत ठेवून, तोंडाला गोणपाट बांधून, दिवसातून तीनदा ढवळत महिनाभर आंबवतात. मग गाळून, पाण्यात पातळ करून फवारतात. आधी चार-दोन झाडांवर मारून पाहावं. कण्हेर विषारी आहे आणि रुईचा चीक डोळ्यांना घातक, म्हणून हातमोजे घालावेत आणि पिंपापाशी मुलं फिरकू देऊ नयेत.

पोटात घ्यावं का?

घरच्या घरी नको. चरकसंहितेत निरगुडी कृमिघ्न (जंतांवरच्या) आणि विषघ्न (विषावरच्या) वनस्पतींच्या गणांत आहे, आणि वैद्य ती पोटातूनही देतात, पण मात्रा त्यांनी ठरवायची असते. फिलिपिन्समध्ये याच झुडपाला लागुंडी म्हणतात. तिथल्या आरोग्य खात्याने मान्य केलेल्या 10 औषधी वनस्पतींत ती आहे आणि खोकल्यासाठी तिच्या गोळ्या व सिरप मिळतात. पण त्यातलं प्रमाण मोजलेलं असतं, मूठभर पाल्याच्या काढ्याचं तसं नसतं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी तर पोटात घेऊच नये.

आणि साप चावला तर निरगुडीचं मूळ उगाळत बसू नका. प्रतिविष दवाखान्यातच मिळतं, तिथे जायला लागलेला प्रत्येक मिनिट महत्त्वाचा.

बांधावर लावायची असेल तर

पावसाळ्याच्या तोंडाशी, पहिले दोन-चार चांगले पाऊस झाले की लावा. बोटाएवढी जाड, जून झालेली फांदी निवडून वीतभर लांबीचे तुकडे करा. खालचा काप तिरका आणि वरचा सरळ ठेवा, म्हणजे उलटं लावायची चूक होत नाही. दोन डोळे मातीत जातील एवढं खोचून भोवतीची माती दाबा. कुंपण हवं असेल तर हात-दीड हातावर, नुसता पाला हवा असेल तर 2 मीटरवर एक पुरे. ओढ्याच्या ढासळत्या काठावर लावली तर मुळं माती धरतात, आणि तुरे आले की मधमाश्या येतात.

पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला एखादी बादली पाणी द्या. पाला मात्र दुसरा पावसाळा संपेपर्यंत तोडू नका.