परवाना आहे, पण नमुना नापास? या चुका टाळा

सांडपाणी सोडण्याच्या परवान्यात दोन प्रकारचे आकडे असू शकतात. एक, लिटरमागे किती मिलिग्रॅम घाण चालेल. दुसरा, दिवसाला एकूण किती किलो. बहुतेक जण पहिलाच वाचतात आणि मग आउटलेटला साधं पाणी मिसळायची युक्ती सुचते. समजा, रोज १० लाख लिटर पाणी जातं आणि बीओडी (जिवाणूंना घाण कुजवायला लागणारा ऑक्सिजन, म्हणजे घाणीचं माप) लिटरमागे ६० मिलिग्रॅम आहे, म्हणजे दिवसाला ६० किलो. त्यात तेवढंच स्वच्छ पाणी ओतलं, तर आकडा ३० वर येतो. नदीत मात्र ६० किलोच जातात. दोन्ही आकडे ठरवायचे ते याचसाठी, आणि प्रवाहाचा मीटर बघितला की ही चलाखी उघडी पडते.

खरा घोळ नमुना भरताना होतो. चेंबरच्या भिंतीला बाटली घासली, की तिथला चिकटलेला गाळ आत येतो आणि टीएसएस (पाण्यात तरंगणाऱ्या घन कणांचा आकडा) उगाच फुगतो. बाटली मधल्या वाहत्या पाण्यातच धरा. बीओडीची बाटली उन्हात गाडीत पडून राहिली, तर आतले जिवाणू वाटेतच घाण खाऊन टाकतात आणि अहवाल खोटा-खोटा चांगला येतो. ती लगेच बर्फात ठेवा आणि ४८ तासांच्या आत चाचणीला लावा. पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी, याचं माप) मात्र जागेवरच मोजा. त्याला प्रयोगशाळेपर्यंत नेण्यात अर्थ नाही.

क्लोरीन घातलेलं पाणी असेल, तर बीओडीच्या चाचणीआधी उरलेला क्लोरीन निष्प्रभ करून घ्या. नाहीतर तोच चाचणीतल्या जिवाणूंना मारतो.

आवारातून वाहून जाणाऱ्या पावसाच्या पाण्याचा परवाना वेगळ्या स्वभावाचा. तिथे यंत्रापेक्षा आवाराची शिस्त कामाला येते: तेलाची पिंपं छपराखाली, सांडलेलं तेल ताबडतोब पुसलेलं, अंगण झाडलेलं (पाइपने धुतलेलं नव्हे!). पाऊस ओसरल्यावर भरलेला नमुना फारसा उपयोगाचा नाही. साचलेली घाण बहुधा पहिल्याच लोंढ्यात वाहून जाते, म्हणून पाणी वाहू लागल्यावर पहिल्या अर्ध्या तासात बाटली भरा.

आणि कोरड्या दिवशी पावसाळी गटाराचं झाकण उघडून बघा. पाणी वाहताना दिसलं, तर कुठलीतरी मोरी चुकीच्या लाइनला जोडलेली असण्याची शक्यता मोठी. चाचणीचा बिनविषारी रंग एकेका मोरीत टाकायचा आणि झाकणापाशी थांबायचं. ज्या मोरीचा रंग इथे उमटेल, ती सांडपाण्याच्या लाइनवर वळवा आणि नकाशातही तशी नोंद करा.